बेलभंडारा आणि हिंगा

बागायतदार लोकांविषयी माझं मत चांगलं नाही. ते बदलावं म्हणून पुढे काही भल्या बागायतदारांनी बरेच प्रयत्न केले, पण पहिलं मत एकदा बसलं की बसलं. माझं बसलं ते बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, श्रावणात, आणि त्याला कारण झाला एक किडा. मला त्या किड्याचा मान ठेवावासा वाटतो. त्या सगळ्या प्रकरणात जसा होता तसाच दिसणारा तो एकटाच होता.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, कोरडवाहू. बाजरी, तूर, मटकी, आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला. बाजरी फुलोऱ्यात आली की कणसांवर हिंगे येत. हिंगा म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा भुंगेरा, पाठीवर नारिंगी पट्टे. तो फुलोरा खातो आणि खाल्लेल्या जागी दाणा भरत नाही. म्हणून ऊन तापायच्या आत बायकांनी वावरात जायचं, कणसाखाली डबा धरायचा आणि कणसाला काडीनं टिचकी मारायची. हिंगा पाय आवळून मेल्याचं सोंग घेतो आणि खालच्या रॉकेलच्या पाण्यात पडतो. सोंग घेतो म्हणूनच मरतो, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहत होती आणि घरातलं कुठलंही काम तिला विचारल्याशिवाय सुरू होत नसे.

हात मात्र लावायचा नाही. हिंग्याला चिमटीत धरलं की त्याच्या गुडघ्यांतून पिवळा, तेलकट थेंब निघतो. त्या वेळी काहीच होत नाही, आणि माणूस फसतो तो तिथंच. संध्याकाळी कातडी लाल होते आणि दुसऱ्या दिवशी बोराएवढा फोड. फोडातलं पाणी जिथवर ओघळेल तिथवर आग. हिंगा मरून वाळला तरी त्याची पूड तेच करते. आमच्या कोंबड्या विंचूसुद्धा सोडत नसत, पण समोरून हिंगा चालला की मान फिरवायच्या. प्रत्येक पिल्लू एकदाच टोचून बघायचं, मग चोच मातीत घासत बसायचं आणि जन्माचं शहाणं व्हायचं. त्यामुळे हिंगा कधी घाईत नसतो. दगडाखाली सापडणारा आणखी एक किडा आहे, त्याला धरलं की मागून फटकन कढत धूर सोडतो आणि बोटावर तपकिरी डाग पाडतो. तो निदान आवाज तरी करतो. हिंगा तेवढीही तसदी घेत नाही, भर उन्हात आपले पट्टे दाखवत बसून राहतो.

मी तेव्हा मॅट्रिक झाले होते. पुढे शिकवायचं शिक्षण घ्यावं आणि शाळेत नोकरी करावी असं माझ्या मनात होतं. वडिलांच्या मनात माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या. थोरली उजवल्याशिवाय धाकट्यांचं कसं बघायचं, हा त्यांचा हिशेब. त्यात कुणीतरी कोपरगावकडचं स्थळ आणलं. पाटाचं पाणी, ऊस, दारात जीप. मुलगा बी.एस्सी. होऊन शुगर फॅक्टरीच्या लॅबमध्ये केमिस्ट. त्याचे वडील नव्हते, सगळा कारभार चुलत्याच्या हातात. वडिलांना हे ऐकूनच धाप लागली होती.

पाहुणे दुपारी येणार होते. आले सकाळीच, आणि घरी न येता जीप थेट वावराच्या बांधाला लावली. मागून कळलं की ही चुलत्याची रीतच होती. मुलगी नटायच्या आत बघायची, जसा बाजारात बैल धुवायच्या आत बघतात. मी बाजरीत होते. हिंग्यांमुळे वडिलांचा जुना लांब बाह्यांचा सदरा पोलक्यावर चढवलेला, डोक्याला फडकं, अंगाला रॉकेलचा वास. चुलत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात वडिलांना विचारलं, "ह्यो गडी हाय का तुमची पोरगी?" वडील हसले. त्यांनी हसायला नको होतं. तेव्हाही मला राग आला होता आणि आजही येतो.

वडील चुलत्याला विहीर दाखवायला घेऊन गेले. मुलगा मागे रेंगाळला. दिसायला बरा होता. पांढरी टोपी मात्र त्यानं कपाळावर इतकी ओढून घेतली होती की टोपीखाली काहीतरी लपवायचं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. सव्विशीतच डोकं उघडं पडत चाललं होतं बिचाऱ्याचं. त्यानं माझ्या डब्यात डोकावून हे काय आहे म्हणून विचारलं. मी हिंगे म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे ऊस, त्यानं हिंगा जन्मात बघितला नव्हता. पण बघितल्यावर त्याचे डोळे चमकले. त्यानं कुठल्याशा पुस्तकात या जातीच्या किड्याचं चित्र पाहिलं होतं. साहेबाच्या देशात म्हणे याच्यापासून केसांचं तेल करतात, ते बाटलीत भरून मुंबईला विकायला येतं, आणि तुम्ही लोक हे सोनं रॉकेलमध्ये बुडवता. हे 'तुम्ही लोक' त्यानं फार गोड आवाजात म्हटलं. बोलता बोलता त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला.

त्यानं खिशातून पानाची रिकामी डबी काढली. तेव्हा मी बोलले. बघायला आलेल्या मुलाशी मुलीनं बोलायचं नसतं, पण समोर माणूस विस्तवात हात घालत असेल तर काय करायचं?

"हात लावू नका. फोड येत्यात," मी म्हटलं, आणि सदऱ्याची बाही सारून मनगटावरचे जुने काळे डाग दाखवले.

तो हसला. फोड येतात म्हणजे रक्त वर खेचलं जातं, आणि रक्त वर आलं की केस येतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. प्रश्न फक्त प्रमाणाचा, आणि तो केमिस्ट होता. मग माझ्यासारखंच कणसांना टिचकी मारून त्यानं डबी भरून घेतली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. चुलते परत आले तेव्हा तो आभाळाकडे बघत उभा होता.

खरं सांगायचं तर तो अगदीच खोटं बोलत नव्हता. तसं तेल एके काळी होत असे. पण त्यात त्या विषाचा अंश किती, तर घागरभर पाण्यात मिठाचा खडा टाकावा इतका. त्यानं एक पान वाचलं होतं आणि पुढचं वाचलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं.

मग घरी रीतसर बघणं झालं. चुलते जेवायला बसले आणि बाजरीची भाकरी बघून म्हणाले, आमच्यात ही गडीमाणसं खातात. मग लसणाच्या चटणीबरोबर त्यांनी ती इतकी खाल्ली की आईला पुन्हा तवा टाकावा लागला. चहा पिताना साखर आमच्या फॅक्टरीची का म्हणून विचारलं, जणू काही स्वतःच बैल होऊन घाणा ओढत होते. मुलगी काळी आहे पण कामाला बरी, असं माझ्यासमोरच ठरलं. हुंड्याचं बोलणं निघालं तेव्हा मला आत पाठवलं. पोळ्याच्या अलीकडे सुपारी फोडायला येतो म्हणून सांगून पाहुणे गेले. नाकानं कांदे सोलणारी माणसं म्हणजे काय, ते मला पुन्हा कुणाला विचारावं लागलं नाही.

हुंड्यावरून आठवलं. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा या किड्यांविषयी मिळेल ते वाचून काढलं. त्यात एक गोष्ट वाचली आणि मोठ्यानं हसले. हिंग्यांच्या जातीत ते विष तयार करतो नर. लग्नात तो ते मादीला देतो, आणि मादी ते आपल्या अंड्यांना माखते, म्हणजे मुंग्या अंड्यांच्या वाटेला जात नाहीत. किड्यांतसुद्धा मुलाकडचे येताना काहीतरी घेऊन येतात. आमच्याकडे जे आले होते ते पानाची डबी भरून घेऊन गेले.

पोळ्याच्या अलीकडे जीप पुन्हा आली, पण सुपारीसाठी नाही. चुलते, त्यांच्याबरोबर दोन वडीलधारे, आणि मागे तो. टोपी भुवयांपर्यंत, टोपीच्या आत कापडाच्या घड्या, एक पापणी सुजून डोळा मिटलेला, कानामागून लस वाहून वाळलेली. मलमाचा वास ओसरीवरून आत आला. आईनं पाणी पुढे केलं. चुलत्यांनी ते घेतलं नाही. आमच्याकडे पाहुण्यानं दारात उभं राहून पाणी नाकारलं की पुढचं बोलणं काय असणार ते कळतं.

मग ओसरीवर अंथरलेल्या घोंगडीवर बसून ते म्हणाले की तुमच्या घरचं अन्न खाऊन गेला आणि आठवड्याच्या आत पोराचं डोकं सोललं. तापानं फणफणला. कोपरगावच्या डॉक्टरला उमजेना, मग देवऋषीला दाखवलं, तर त्यानं सांगितलं की करणी आहे आणि ती मुलीकडची आहे. गाठ पक्की व्हावी म्हणून काहीतरी खायला घातलं आणि ते उलटलं.

हा शब्द काय करतो हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आमच्याच गावात एका घरावर करणीचा बोल लागला होता. त्या घरच्या मुली पिकल्या केसांनी घरातच राहिल्या आणि त्यांच्या रांजणातलं पाणी वाटसरूदेखील पीत नसे. ओसरीवर तोवर शेजारपाजारचे लोक जमले होते. माझं सोडा, मला हे लग्न असंही नकोच होतं. पण आतल्या दाराआड माझ्या दोघी बहिणी उभ्या होत्या, आणि चुलते बोलत होते ते त्यांच्या आयुष्यावर. वडील हात जोडून उभे राहिले. काही चुकलं असेल तर पदरात घ्या, म्हणाले. काय चुकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण समोर जीपवाला उभा असला की आमची माणसं आधी हात जोडतात आणि मग कारण शोधतात.

मी बाहेर आले आणि झालं तेवढं सांगितलं. वावर, डबी, रुमाल, तेल. एवढी चूक उघड झाल्यावर तो हो म्हणेल, यात मला शंका नव्हती. चुलत्यांनी वळून त्याला विचारलं, "खरं हाय का रं?"

तो घोंगडीच्या दशांकडे बघत राहिला. "मला आठवत नाही," म्हणाला.

इतका शिकलेला माणूस. डोकं जळत असताना, ते कशानं जळतं आहे हे पक्कं माहीत असताना, चुलत्यापुढे टोपीखालचं टक्कल कबूल करायची लाज वाटली म्हणून त्यानं आमचं अख्खं घर पणाला लावलं. मला त्याचा राग आला नाही. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

चुलत्यांना जोर चढला. "किड्यानं कुठं मानसाचं डोस्कं सोलतं का? आमच्या म्हशीवर रोज इतकी बसत्यात. खोटं न्हाई ना बोलत? मग बेलभंडारा उचल."

बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा, म्हणजे हळद, हातात उचलून शपथ घ्यायची. खोटी घेतली तर देव बघून घेतो, असं सगळे मानत. पण खरी घेतली तरी बट्टा लागतोच, कारण जिच्यावर संशय तिलाच उचलायला लावतात. आत्या पुढे झाली आणि पोरीला हे लावू नका म्हणाली. वडील म्हणाले, उचल बाई, मिटव. मी ताट आणायला आत गेले.

देव्हाऱ्यातून भंडारा घेतला, बेलाचं पान ठेवलं. मागच्या दारी सकाळचा डबा होता. त्याच्या कडेला चढून एक हिंगा बसला होता, रॉकेलमधून वाचलेला. मी बाजरीचं पान त्याच्यापुढे धरलं, तो चढला, आणि मी ते पान ताटात भंडाऱ्याशेजारी ठेवलं. तो पळाला नाही की उडाला नाही. त्याचा स्वभाव मी सांगितलाच आहे.

बाहेर येऊन मी ताट चुलत्यांसमोर घोंगडीवर ठेवलं. सासरच्या वडीलधाऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. सासर झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं, तरी मी तेच म्हटलं.

"मामा, मी भंडारा उचलते. तुमी हिंगा उचला. किड्यानं काय हुत न्हाई म्हनता ना."

मी खाली बसले, बेलभंडारा मुठीत घेतला आणि मी किंवा माझ्या घरच्यांनी काही केलेलं नाही असं खंडोबाचं नाव घेऊन सांगितलं. मग ताट पुढे सरकवलं. चुलते जमलेल्या लोकांकडे बघून हसले. त्यांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की किड्यानं काही होईल असं त्यांना खरंच वाटलं नव्हतं. त्यांनी बाही मागे घेतली आणि अंगठा आणि बोट हिंग्याच्या पाठीवर नेलं.

"काका, हात लावू नका. फोड येतात."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो उठून उभा राहिला होता, हात पुढे केलेला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच मागाहून कळत होतं. माझंच वाक्य, शुद्ध करून. चुलत्याच्या दोन बोटांसाठी त्याला सगळं आठवलं. आम्हा तिघी बहिणींसाठी काही आठवलं नव्हतं.

चुलत्यांची बोटं तिथंच थांबली. त्यांनी हात मागे घेतला आणि कशालाही न लागलेली बोटं धोतराला दोनदा पुसली. दारातला एक म्हातारा खुसखुसला, मग दुसरा. त्या हसण्यानं काम झालं. पुढच्या बाजारापर्यंत शेवगावात गोष्ट पोचली ती करणीची नाही, धोतराला बोटं पुसणाऱ्या बागायतदाराची. माझ्या दोघी बहिणींची लग्नं नीट झाली, आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडात कुणीतरी ती गोष्ट रंगवून सांगितली. मला मात्र पुढे पाच-सहा वर्षं कुणी बघायला आलं नाही, कारण इतकं बोलणारी सून कुणालाच नको होती. तेवढ्यात माझं शिक्षण झालं.

त्या दिवशी माफी कुणी मागितली नाही. सुपारीचं मागाहून कळवतो, असं म्हणून चुलते उठले. सुपारी या शब्दाला लाज असती तर तीही उठून गेली असती. वडील त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेले, अजून हात जोडलेलेच. परत आल्यावर ते मला काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. ते इतकंच म्हणाले की हिंगा लांब नेऊन टाक, कोंबड्यांची पिल्लं आहेत. हिंग्यानं अपाय होतो एवढं तरी ते बोलले, म्हणून त्यांच्या तोंडून माझ्या बाजूनं निघालेला तो पहिला शब्द, असं आत्या मानायची. मी नाही मानला.

पण त्याआधी, जीप निघायच्या अगोदर, मी रांजणापाशी हाताचा भंडारा धूत होते. तो मागून आला. चुलते जीपमध्ये बसले होते आणि आजूबाजूला कुणी नव्हतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमचं बरोबर होतं. यावर काय लावतात?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "हेच तिथं ओसरीवर जाऊन सगळ्यांसमोर म्हना. मग सांगते."

त्यानं ओसरीकडे बघितलं. लोक अजून पांगले नव्हते. मग जीपकडे बघितलं. चुलत्यांनी हॉर्न वाजवला. त्यानं टोपी नीट केली, ती फोडांवर घासली, उघड्या डोळ्यातून पाणी आलं, आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

औषध असं काही नव्हतंच. आमच्याकडे फोडावर गार पाणी धरायचे, तो फोडायचा नाही आणि बरा होईपर्यंत गप्प बसायचं. पाण्याचं मी त्याला सांगितलं असतं. गप्प बसायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.